नऊ महिन्यांत ७३ दिवस गाडी सर्व्हिस सेंटरला: नवीन कंपनीची ई-स्कूटर ठेवू का पैसे परत मागू?

कृष्णाकाठ_कराड:

मंडळी नमस्कार. मी इथे बरेच दिवस नुसती वाचते, आज पहिल्यांदाच लिहितेय कारण आता खरंच काय करावं सुचेना झालंय. थोडं लांबणार आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

मी कराडला राहते, मसूरच्या बाजूला शाळेत शिकवते. रोजचं जाऊन येऊन ३६ किलोमीटर. आधी जुनी पेट्रोलची मोपेड होती, महिन्याला दोन हजाराच्या वर पेट्रोलला जायचे. म्हणून गेल्या वर्षी पाडव्याला (३० मार्च २०२५) इलेक्ट्रिक बुक केली. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण प्रकरण अजून चालू आहे, एवढंच सांगते की कंपनीला बाजारात येऊन फार वर्षं झालेली नाहीत आणि तिचे डीलर नसतात, सगळं अ‍ॅपवरून आणि कंपनीच्याच शोरूममधून. घाई केली ती एका कारणासाठी. १ एप्रिलपासून केंद्राची पीएम ई-ड्राइव्हची सबसिडी निम्मी होणार होती, जास्तीत जास्त १० हजार मिळायचे त्याचे ५ हजार होणार होते, आणि शोरूममधला मुलगा म्हणाला मॅडम आज पैसे भरले की जुन्या सबसिडीत बसवतो. ऑनरोड १ लाख २४ हजार. ४० भरले, बाकीचं कर्ज, हप्ता ४,०२० रुपये.

गाडी आली ९ मेला. पहिला हप्ता ५ मेला कापला गेला होता, म्हणजे दारात गाडी नाही आणि हप्ता सुरू. वर नोंदणी मे महिन्यात झाली म्हणून सबसिडी निम्मीच बसली असं सांगून ५ हजार जादा घेतले, ते दिल्याशिवाय डिलिव्हरी देईनात. उशीर त्यांचा आणि भुर्दंड मला. हिरवी नंबर प्लेट लागली जुलैत.

तरी चालवायला लागल्यावर मी सगळं विसरले होते हो. गाडी खरंच छान आहे. आवाज नाही, गिअरची भानगड नाही, सकाळी सात वाजता शेतातल्या रस्त्याने जाताना पाखरांचा आवाज ऐकू येतो. रात्री घरच्या १५ अँपियरच्या सॉकेटवर लावली की सकाळी फुल. माझ्या एका चार्जला तीन-साडेतीन युनिट, म्हणजे तीस-पस्तीस रुपये, आणि त्यात दोन दिवसाची शाळा व्हायची. म्हणूनच जास्त वाईट वाटतं.

२२ जुलैला पहिल्यांदा बंद पडली. संध्याकाळी पाऊस, स्क्रीन एकदम काळी, मागे ना पुढे. हेल्पलाइनला ४० मिनिटं गाणं ऐकवलं आणि मग सांगितलं की रस्त्यावरची मदत सातारा शहराच्या हद्दीतच मिळते. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी त्यांच्या टेम्पोत घालून घरी आणून दिली. सातारा इथून ५० किलोमीटर, छोटा हत्ती केला, १,८०० रुपये. १९ दिवसांनी गाडी मिळाली, कंट्रोलर (मोटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक भाग) बदलला म्हणाले. सप्टेंबरमध्ये शाळेच्या आवारात लॉकच निघेना, या गाडीला चावीच नाही, स्क्रीनवर पासवर्ड टाकायचा, आणि स्क्रीन बंद म्हणजे डिकीपण बंद, आत माझं हजेरीपत्रक आणि रेनकोट. ६ दिवस. ऑक्टोबरमध्ये रात्रीत आपोआप अपडेट आलं आणि दुसऱ्या दिवसापासून ९५ किलोमीटर जाणारी गाडी ६८ वर आली. ४ दिवस ठेवून घेतली आणि "रेंज नॉर्मल आहे" असं लिहून परत दिली. नोव्हेंबरात कराडचं शोरूम बंद झालं, शटरवर साधा कागदसुद्धा नाही. २० डिसेंबरला परत तीच काळी स्क्रीन. आज ४४ दिवस झाले, गाडी साताऱ्यात, "पार्ट पुण्याहून येतोय". आणि मधे तीन वेळा मला मेसेज आलाय की आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे!! गाडी तिथे स्टँडवर धूळ खात उभी आणि मला म्हणतात समाधानाबद्दल पाच पैकी किती गुण द्याल.

सध्या एसटीने जाते. बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून बरं, पण मसूरवरून पुढे शाळेपर्यंत तीन किलोमीटर रोज कुणाला तरी हात करायचा. हप्ता चालूच.

तर विचारायचं हे की अशी गाडी ठेवावी का विकावी का पैसे परत मागता येतात? कुणी मागितलेत का? दुसरं म्हणजे रत्नागिरीची माझी धाकटी बहीण हीच गाडी घ्यायची म्हणतेय, तिला काय सांगू?

———

हडपसर_ते_हिंजवडी:

ताई, त्रास झाला हे वाचून वाईट वाटलं पण दुसरी बाजूपण सांगतो. माझीपण नवीनच कंपनीची आहे, तीन वर्षं होत आली, २६ हजार किमी झाले. एकदा बेल्ट आणि दोनदा ब्रेक पॅड, बाकी काही नाही. पेट्रोलचे वाचलेले पैसे धरले तर गाडीची निम्म्याहून जास्त किंमत वसूल झाली. सगळ्याच ई-गाड्या वाईट असा समज व्हायला नको. विकायच्या फंदात आत्ता पडू नका, चालू गाडीलाच कमी भाव येतो, बंद गाडीला तर कुणी विचारणार नाही.

———

कृष्णाकाठ_कराड:

दादा, गाडी वाईट असं मी म्हणतच नाहीये. तुमचं सर्व्हिस सेंटर घरापासून किती लांब आहे?

———

हडपसर_ते_हिंजवडी:

३ किमी. तुम्ही काय म्हणताय ते कळलं. बेल्टला मलापण ८ दिवस लागले होते पण रोज ऑफिसवरून येताना तिथे जाऊन उभा राहायचो, म्हणून झालं बहुतेक. ५० किमीवरून ते शक्य नाही, खरंय.

———

जुना_टेक्निशियन_इचलकरंजी:

ताई मी अशाच एका कंपनीत (तुमचीच असेल असं नाही) दीड वर्ष टेक्निशियन होतो, आता स्वतःचं गॅरेज आहे. आत काय चालतं ते सांगतो म्हणजे तुम्हाला कुणाला काय विचारायचं ते कळेल.

जुन्या कंपन्यांच्या गाडीला तालुक्याच्या गावीसुद्धा डीलर असतो आणि डीलर स्वतःचे पैसे घालून स्पेअर भरून ठेवतो, कारण त्याचा धंदा त्यावर असतो. या कंपन्यांना डीलर नाही. सर्व्हिस सेंटरला रॅकवर काय असतं तर ब्रेक पॅड, आरसे, टायर, थोडे बेअरिंग. कंट्रोलर, बॅटरी, स्क्रीन असलं काही लागलं की लॅपटॉपवर चासिस नंबर टाकून मागणी टाकायची आणि वाट बघायची. ती मागणी जाते कंपनीच्या मुख्य गोदामाला. आणि गोदामाला जो कंट्रोलर पाहिजे तोच कारखान्याला नवीन गाडीत बसवायलापण पाहिजे असतो. सणासुदीला, महिनाअखेरीला नवीन गाड्या काढायचं प्रेशर असतं, मग माल कुठे जाणार? लाइनला जाणार. बिघडलेली गाडी बसते वाट बघत. आमच्याकडे एका वेळी ३०-३५ गाड्या नुसत्या पार्टसाठी उभ्या असायच्या आणि माणसं येऊन आमच्या अंगावर ओरडायची. त्यांचं चुकत नव्हतं. आमच्यापण हातात काही नव्हतं, खरं सांगतो, मी त्याच कारणाने सोडलं काम, रोज एखाद्या माणसाला खोटी तारीख सांगायची आणि त्याने ती खरी धरून रजा टाकून यायचं, हे मला जमेना.

दुसरं म्हणजे नवीन कंपनी गाडी सारखी बदलत असते. दीड वर्षात आमच्याकडे त्याच मॉडेलचे तीन वेगळे कंट्रोलर झाले. नवीन गाडी सुधारते, पण जुन्या गाडीचा पार्ट बनायचा कमी होतो, मग जुन्या गिऱ्हाइकाला जास्त थांबावं लागतं. ज्याने पहिल्यांदा विश्वास टाकला त्यालाच सगळ्यात जास्त त्रास.

तक्रार सोडवली असा मेसेज का येतो ते पण सांगतो. प्रत्येक तक्रार किती दिवसात बंद झाली याचा हिशोब वर जातो. दिवस वाढायला लागले की मॅनेजर सांगतो बंद करा आणि नवीन उघडा. त्यामुळे कागदावर तुमचे ४४ दिवस हे १५-१५ दिवसांच्या तीन तक्रारी दिसत असतील. म्हणून सगळे मेसेज, सगळे तक्रार नंबर जपून ठेवा, एकही डिलीट करू नका.

आता कामाचं. सप्टेंबरमधलं लॉक न उघडणं हे शंभरात नव्वद वेळा छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीचं काम असतं. मोठी बॅटरी फुल असली तरी छोटी उतरली की स्क्रीन, लॉक, डिकी सगळं झोपतं. ती बदलली का नुसती चार्ज करून दिली ते जॉबकार्डावर (सर्व्हिस सेंटर गाडीचं काम लिहून देतं तो कागद) बघा. नुसती चार्ज केली असेल तर ते परत होणार.

रेंजचं म्हणाल तर थंडीत, टायरमध्ये हवा कमी असली की थोडी घटते, पण एका रात्रीत ९५ ची ६८ होणं हे हवेचं काम नाही. गाडी आल्यावर १०० टक्के चार्ज करा, मीटरचा फोटो काढा, रोजच्याच रस्त्याने एकाच मोडवर २० टक्क्यांपर्यंत चालवा आणि परत फोटो. असं तीनदा. कंपनी जाहिरातीत जी रेंज सांगते ती चाचणीच्या ठराविक चक्रावरची असते, रस्त्यावर ती मिळत नाहीच, म्हणून जाहिरातीशी तुलना करू नका, तुमच्याच गाडीच्या आधीच्या आकड्याशी करा. आणि त्यांच्याकडून बॅटरीची हेल्थ किती टक्के आहे त्याचा प्रिंट मागा, लॅपटॉप लावला की दोन मिनिटात निघतो, नाही म्हणाले तर मेलवर मागा.

सगळ्यात महत्त्वाचं आणि हे उद्याच करा. गाडी ४४ दिवस उभी आहे, बॅटरी किती टक्क्यांवर ठेवलीय ते विचारा. लिथियम बॅटरी एकदम खाली उतरलेल्या अवस्थेत महिनोन्महिने पडून राहिली की सेल कायमचे खराब होतात आणि मग कंपनी म्हणणार तुम्ही चार्ज केली नाही. ४०-५० टक्क्यांवर ठेवायला सांगा. गाडी चार्जच घेत नसेल तर तसं जॉबकार्डावर लिहून घ्या, सहीशिक्क्यासकट.

आणि घरचं अर्थिंग एकदा वायरमनकडून तपासून घ्या, आपल्याकडे खेड्यात अर्थिंग नावालाच असतं आणि व्होल्टेज वरखाली होतं. चार्जर त्याने जातात.

———

नाना_वाईकर:

पण या बॅटऱ्या पेट घेतात त्याचं काय? मध्ये पुण्यात भर रस्त्यात स्कूटर पेटली होती. ताई सुटल्या म्हणायचं.

———

जुना_टेक्निशियन_इचलकरंजी:

नाना, ते २०२२ च्या उन्हाळ्यातलं. त्यानंतर बॅटरीचे नियम (एआयएस १५६) कडक झाले, १ डिसेंबर २०२२ पासून एक टप्पा आणि ३१ मार्च २०२३ पासून दुसरा. सेलची तपासणी, बॅटरीत पाणी न जाणं, आत तापायला लागलं तर चालवणाऱ्याला आधी इशारा मिळणं, हे सगळं त्यात आलं. त्याच्यानंतरच्या गाडीला मी स्वतः घाबरत नाही. पण हे नियम बॅटरीचे झाले. पार्ट किती दिवसात द्यायचा हे त्यात कुठे येतं? ताईंचं दुखणं तिथे आहे.

———

बिनवकिलाचा_नाशिककर:

ताई, पैसे परत मागता येतात. मी मागितले आणि बऱ्यापैकी मिळाले, १४ महिने लागले. माझं प्रकरण ई-स्कूटरचंच होतं, कंपनी वेगळी असू शकते. वकील दिला नव्हता, द्यावाच लागतो असं नाही.

आधी १९१५ ला फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. ते कंपनीकडे तक्रार पाठवतात आणि तुम्हाला एक नंबर मिळतो. कधीकधी एवढ्यानेच पार्ट हलतो. नाही हलला तरी तो नंबर पुढे उपयोगी पडतो. मग कंपनीला लेखी नोटीस, साध्या भाषेत, रजिस्टर्ड पोस्टाने आणि मेलनेपण. बुकिंगची तारीख, डिलिव्हरीची तारीख, गाडी कधी टाकली कधी मिळाली, वाहतुकीला किती गेले, एवढंच. रागाचं एक वाक्य लिहू नका, मी पहिली नोटीस रागात लिहिली होती आणि ती परत लिहावी लागली. १५ दिवसांची मुदत द्या.

त्याने नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या नवीन ग्राहक संरक्षण कायद्याने दोन गोष्टी आपल्यासाठी फार चांगल्या झाल्यात. एक, तुम्ही राहता तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते (कलम ३४), कंपनीचं ऑफिस दुसऱ्या राज्यात असलं तरी तुम्हाला तिकडे जायला लागत नाही. म्हणजे तुमचं साताऱ्यात. दोन, ५ लाखापर्यंतच्या खरेदीला फी नाही. ऑनलाइन ई-जागृती पोर्टलवर दाखल होते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची. कंपनीला नोटीस मिळाल्यावर ३० दिवसात उत्तर द्यावं लागतं, फार तर १५ दिवस वाढवून मिळतात, त्यापुढे नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये पक्कं केलंय.

आता नीट वाचा कारण इथे बरेच जण चुकतात. "गाडीत उत्पादन दोष आहे" एवढंच लिहिलं तर तो दोष सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते, गाडी तपासणीला पाठवणं वगैरे होऊ शकतं, आणि कंपनीचे इंजिनिअर म्हणणार सगळं नॉर्मल आहे. "सेवेतील त्रुटी" पण लिहा आणि ती पुढे ठेवा. ७३ दिवस गाडी त्यांच्याकडे होती, शहरात शोरूम होतं ते बंद झालं, गाडी उभी असताना तक्रार सोडवली असा मेसेज आला, हे सगळं कागदानेच सिद्ध होतं, त्याला इंजिनिअर लागत नाही. माझं प्रकरण जॉबकार्डांवरच उभं राहिलं. आयोगाने मध्यस्थीला पाठवलं, तिथे तिसऱ्या बैठकीत कंपनी गाडी परत घ्यायला तयार झाली, घसारा म्हणून थोडे पैसे कापून घेतले, ते मी मान्य केलं कारण तोवर दमलो होतो. त्यावरून भांडत बसलो असतो तर अजून वर्ष गेलं असतं. चूक का बरोबर माहीत नाही पण घरात शांतता आली.

हप्ता थांबवू नका. कितीही राग आला तरी नाही. फायनान्स कंपनीचा गाडीच्या बिघाडाशी संबंध नसतो, त्यांचा हप्ता चुकला की तुमचा सिबिल जातो आणि वसुलीवाले दारात येतात. पैसे परत मागताना कर्ज, हप्ते, व्याज सगळं धरून मागा.

आणि गाडी परत देताना ते मोबाइलवर आलेला ओटीपी मागतात. तो दिला की तक्रार तुमच्या संमतीने बंद झाली असं होतं. गाडी चालवून बघितल्याशिवाय, आणि जॉबकार्डावर काय बदललं ते लिहिल्याशिवाय ओटीपी देऊ नका. मी पहिल्या दोन वेळा दारातच देऊन टाकला होता.

———

माझी_पहिली_ईव्ही:

बिलपण एकदा नीट बघा ताई. २०२३ पर्यंत काही कंपन्या चार्जरचे पैसे वेगळे लावायच्या, कारण जुन्या फेम-२ योजनेत सबसिडी मिळायला गाडीची कारखान्याची किंमत दीड लाखाच्या आत दाखवायला लागायची. सरकारने हरकत घेतल्यावर मे २०२३ मध्ये कंपन्यांनी ते पैसे लोकांना परत द्यायचं कबूल केलं. माझ्या मामाला मिळाले. तुमचे ते जादा घेतलेले ५ हजार कशाखाली दाखवलेत? पावती आहे का?

———

कृष्णाकाठ_कराड:

पावती नाही. शोरूममधल्या मुलाच्या क्यूआर कोडवर दिले होते, नाव त्याचंच आलं होतं वाटतं, बघते.

———

बिनवकिलाचा_नाशिककर:

ताई ते खूप महत्त्वाचं आहे. बँकेचं स्टेटमेंट काढा, पैसे कंपनीच्या खात्यात गेले का त्या मुलाच्या, ते बघा. नोटिशीत या ५ हजारांचा वेगळा परिच्छेद करा.

———

सातारकर_सॅन_होजे:

मी मूळचा साताऱ्याचा, इथे कॅलिफोर्नियात १२ वर्षं झाली. विषय वाचून लिहावंसं वाटलं कारण इथे हेच मोठ्या गाड्यांच्या बाबतीत झालंय. फिस्कर नावाची कंपनी होती, ओशन नावाची इलेक्ट्रिक एसयूव्ही, स्वतःचा कारखाना नव्हता, ऑस्ट्रियात ग्राझला मॅग्नाकडून बनवून घ्यायचे. २०२३ मध्ये लोकांना गाड्या मिळायला लागल्या, सॉफ्टवेअरच्या तक्रारी यायला लागल्या, मार्च २०२४ मध्ये कंपनीने किमती एकदम खाली आणल्या, महागड्या मॉडेलवर तर २४ हजार डॉलर कमी केले, आणि जून २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज. मी स्वतः तिचं बुकिंग करायच्या बेतात होतो, बायकोने थांबवलं. ज्यांनी घेतली त्यांनी वर्षाच्या आत गाडीची किंमतपण गमावली आणि वॉरंटीपण.

उरलेल्या तीन हजारांवर गाड्या न्यूयॉर्कच्या एका कंपनीने टॅक्सीवाल्यांना भाड्याने द्यायला विकत घेतल्या, तर तिथे अडलं काय, की गाडीची सगळी माहिती फिस्करच्या सर्व्हरवर, आणि ती नवीन मालकाच्या सर्व्हरवर हलवता येत नाही असं कंपनीनेच सांगितलं. विचार करा, गाडी समोर उभी आहे, पैसे दिलेत, तरी कळ दुसऱ्याच्या हातात. इथल्या मालकांनी मग संघटना काढली, पार्ट कुठे मिळतात ते एकमेकांना सांगतात, सॉफ्टवेअर स्वतः उलगडायला लागलेत. लोक फार जिद्दीचे आहेत, पण गाडी घेतलेल्या माणसावर ही वेळ का यावी?

तुमच्या बहिणीने विचारावं की मोबाइलला रेंज नसताना, कंपनीचं अ‍ॅप बंद असताना गाडी लॉक-अनलॉक होते का, सुरू होते का. शोरूममध्ये फोन एअरप्लेन मोडला टाकून करून दाखवायला सांगा. साधी चावी असलेली गाडी मिळत असेल तर मी तीच घेईन.

———

हडपसर_ते_हिंजवडी:

हे चांगलं सुचवलंत. माझ्या गाडीला चावी आहे, मी कधी त्याचा विचारच केला नव्हता.

———

जुना_टेक्निशियन_इचलकरंजी:

बहिणीला अजून एक सांगा. रत्नागिरीला तुमच्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर नसेल आणि कोल्हापूरला असेल तर मध्ये आंबा घाट आहे. बंद गाडी टेम्पोत घालून घाट चढवायची, पावसाळ्यात, हे मी गिऱ्हाइकांना करताना बघितलंय, पाच-सहा हजार एका फेरीला जातात. शोरूम आहे म्हणजे सर्व्हिस आहे असं धरू नका, शोरूममध्ये विक्री असते, लिफ्ट आणि लॅपटॉप आहे का ते मागे जाऊन बघायला सांगा. उभ्या असलेल्या गाड्या मोजायला सांगा आणि मालकांशी बोलायला सांगा, किती दिवस झाले विचारायचं. आणि शोरूमला आरटीओचं ट्रेड सर्टिफिकेट आहे का ते विचारा, ते भिंतीवर लावलेलं असतं. नोंदणी झाल्याशिवाय, निदान तात्पुरती तरी, गाडी ताब्यात देता येत नाही, घाई करून विदाउट नंबर घेऊन जा म्हणाले तर उठून यायचं.

———

कृष्णाकाठ_कराड:

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस उत्तर दिलं नाही कारण सांगण्यासारखं काहीतरी झाल्यावरच लिहावं म्हटलं.

१९१५ ला फोन केला, मराठीतच बोलले, नंबर मिळाला. स्टेटमेंट काढलं, ५ हजार त्या मुलाच्याच खात्यात गेलेत. बघून हातपाय गार पडले, मी शिक्षिका असून पावती मागितली नाही.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी आणि हे साताऱ्याला गेलो. आधी ते गाडी दाखवायलाच तयार नव्हते, मागच्या बाजूला आहे, जागा नाही म्हणाले. मी म्हटलं मी तिच्याशेजारी उभी राहणार आणि फोटो काढणार, माझी गाडी आहे. मागे गेलो तर २७ गाड्या. मोजल्या मी. एका गाडीवर पिंपळाची पानं पडून सुकली होती. माझ्या गाडीवर धुळीत कुणीतरी बोटाने तक्रार नंबर लिहिलेला.

तिथला मुलगा चांगला होता, २३-२४ वर्षांचा असेल. जुना_टेक्निशियन दादांनी सांगितलेलं सगळं विचारलं तेव्हा त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मॅनेजर जेवायला गेल्यावर लॅपटॉप लावला. बॅटरी ११ टक्के. कुणी इतक्या दिवसात चार्जला लावलीच नव्हती. लावल्यावर चार्ज घेतला, मी समोर उभी राहून ४५ टक्क्यांपर्यंत करून घेतली, दोन तास लागले. हेल्थचा प्रिंट दिला, ९४ टक्के आहे. पार्टची मागणी बघितली तर ती २० डिसेंबरला टाकलेलीच नाही, ९ जानेवारीला टाकलीय. म्हणजे पहिले वीस दिवस पुण्याहून काहीच येत नव्हतं. ते मी जॉबकार्डावर लिहून घेतलं, त्याने सही केली, हात थरथरत होता त्याचा. त्याचं नाव मी नोटिशीत घालणार नाही, त्याच्यावर यायला नको.

नोटीस आज पोस्टात टाकली. रागाचं एकही वाक्य नाही, ह्यांनी दोनदा वाचून बघितलं. बहिणीला हा सगळा धागा वाचायला दिला, ती आता रत्नागिरीत ज्यांचं स्वतःचं वर्कशॉप आहे अशांचीच बघतेय, इलेक्ट्रिकच घेणार म्हणते, त्याचा मला आनंद आहे.

पुढच्या शनिवारी परत जाणार आहे चार्ज बघायला.

———

जुना_टेक्निशियन_इचलकरंजी:

ताई ११ वर होती म्हणजे अगदी वेळेत गेलात. ९४ हेल्थ चांगली आहे, म्हणजे रेंजची भानगड बॅटरीची नाही, सॉफ्टवेअरची असणार, हे नोटिशीत गेलं नसेल तर दुसऱ्या मेलमध्ये टाका. आणि शनिवारी जाल तेव्हा १२ व्होल्टची बॅटरी मीटर लावून बघायला सांगा, गाडी बंद असताना १२.४ च्या खाली दाखवली तर फोटो काढून इथे टाका.